‘कुठला सेक्टर दहा?’ : हेल्पडेस्कच्या तिकिटात बाहेरच्या यादीतून पर्याय सुचवणारं फील्ड कसं बसवायचं

आम्ही लिफ्ट आणि पंपांची देखभाल करतो. ऑफिस रबाळे एमआयडीसीत, कामं घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत. एका पावसाळी संध्याकाळी डेस्कवर फोन आला, "सेक्टर दहाला लिफ्ट अडकलीय, आत आजोबा आहेत." घाईत तिकीट, म्हणजे तक्रारीची संगणकातली नोंद, निघालं. जागेच्या रकान्यात टाइप झालं ‘साईकृपा से १०’. टेक्निशियन बाइकवर वाशीला पोचला, वॉचमनने हात झटकले, "आमची लिफ्ट चालू आहे, दादा." आजोबा अडकले होते नेरूळला. सुखरूप बाहेर आले, पण त्यांच्या मुलाने फोनवर आम्हाला जे ऐकवलं त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता.

नवी मुंबईत काम करणाऱ्याला हे नवीन नाही. सिडकोने १९७० नंतर हे शहर नोडवार (वाशी, नेरूळ असे मोठे विभाग पाडून) वसवलं आणि सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये पुन्हा एकपासून सुरू होतात. वाशीला सेक्टर १० आहे, नेरूळला आहे, ऐरोलीला आहे, खारघरलाही आहे. त्यात ‘साई’ने सुरू होणाऱ्या सोसायट्या तर मोजायलाच नकोत. जागा हाताने टाइप करू दिली की असा घोळ कधी ना कधी होणारच होता. चूक डेस्कवरच्या ताईंची नव्हती, मोकळा रकाना ठेवणाऱ्या माझी होती.

त्यानंतर मी तिकिटात एक असं फील्ड बसवलं ज्यात दोन-तीन अक्षरं टाइप केली की आमच्या ग्राहकयादीतल्या जागा खाली सुचतात, आणि त्यातलीच एक निवडावी लागते. यादी हेल्पडेस्कमध्ये नाही, ती बाहेर आहे. हेल्पडेस्कसाठी आम्ही झॅमॅड हे सॉफ्टवेअर वापरतो, म्हणून पायऱ्या त्याच्याच सांगतो. ज्यांच्याकडे झ्नूनी आहे त्यांना वेब सर्व्हिसवर चालणारं डायनॅमिक फील्ड मिळेल, जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये हेच काम ॲसेट्सचं फील्ड करतं. बटणं वेगळी, पण घाम गाळायची जागा सगळीकडे एकच, आणि ती बटणांमध्ये नाही. उत्तर देणारी यादी नीट असेल तर फील्ड अर्ध्या तासात होतं. यादी कच्ची असेल तर फील्ड फक्त तो कच्चेपणा वेगाने पसरवतं.

आधी ठरवा, खरंच गरज आहे का

पर्याय वीस-तीस असतील आणि वर्षानुवर्षं बदलत नसतील, तर साधा ड्रॉपडाउन करा आणि हा लेख इथेच सोडा. ‘बिघाडाचा प्रकार’ हे साध्या ड्रॉपडाउनचं काम. पण यादी शेकड्यांत असेल, दर आठवड्याला बदलत असेल आणि तिची मालकी दुसऱ्या खात्याकडे असेल, तर ती हेल्पडेस्कमध्ये नकलून ठेवू नका. आमच्याकडे नवा करार झाला की नोंद पहिल्यांदा अकाउंट्समध्ये होते. मी आधी तिथून दर महिन्याला एक्सेल घेऊन झॅमॅडमध्ये चढवत होतो. महिन्याच्या तीन तारखेला करार झालेल्या सोसायटीला पुढचे चार आठवडे ‘इतर’ म्हणून जगावं लागायचं.

यादी घासून घ्या

इथे वेळ घालवा, पुढे वाचेल.

पहिला प्रश्न: निवडलेल्या पर्यायाची ओळख कशावर ठेवायची? सोसायटीच्या नावावर नको. नावं सारखी असतात, बदलतात, एकाच बोर्डावर दोन स्पेलिंगांत लिहिलेली असतात. नोंदीला न बदलणारा कोड हवा. आमचा कोड करारक्रमांकावरूनही काढता आला असता, पण करार दरवर्षी नवा होतो, म्हणून जागेला स्वतंत्र कोड दिला. नौपाड्यात आणि वाशीत पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींनी याची परीक्षा घेतली: सोसायटी तीच, इमारत नवी, लिफ्ट नव्या. आम्ही ठरवलं की जागेचा कोड सोसायटीबरोबर राहील आणि लिफ्टला तिचा वेगळा कोड असेल. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो, पण तो पहिल्याच दिवशी घ्या. हजारभर तिकिटं निघाल्यावर ओळख बदलणं म्हणजे भरल्या घराची फरशी बदलणं.

दुसरं, पडद्यावर दिसणारं लेबल. ते वाचून ताईंना फोनवर एकच प्रश्न विचारून खात्री करता आली पाहिजे. आमचा क्रम असा: नाव, नोड, सेक्टर, जवळची खूण. ठाण्याच्या बाजूला सहसा सेक्टर नसतात, म्हणून तिथे नाका किंवा परिसर येतो: मानपाडा, कासारवडवली, वागळे. सेक्रेटरींचं नाव आणि मोबाइल लेबलमध्ये टाकायचा मोह होईल, टाकू नका. लेबल तिकिटात उमटतं, तिथून ईमेलमध्ये, तिथून कुणाच्याही इनबॉक्समध्ये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याचा नंबर असा फिरवणं बरं नाही.

तिसरं म्हणजे शोधासाठीचा वेगळा रकाना. हा पडद्यावर कधीच दिसत नाही, फक्त जुळवणीसाठी असतो. मराठीत काम करताना खरी गंमत इथेच आहे. एकच जागा लोक ‘नेरूळ’, ‘नेरुळ’ आणि ‘नेरुल’ अशी लिहितात. घणसोलीची घनसोली होते. कोपरखैरणे कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून, आणि निम्मे लोक ‘केके’ म्हणून मोकळे होतात. घोडबंदर रोड सगळ्यांच्या तोंडी ‘जीबी रोड’ असतो. मी शोधरकान्यात ह्रस्व-दीर्घ एक केले, ‘ळ’चा ‘ल’ केला, ‘ण’चा ‘न’ केला आणि टाइप झालेल्या शब्दावरही तेच संस्कार केले. शुद्धलेखनाच्या बाई बघतील तर छडी घेऊन येतील, पण हा रकाना वाचायला नसतो. ‘केके’, ‘जीबी रोड’ यांसारखी बोलीतली नावं मात्र नियमाने सापडत नाहीत. त्यांच्यासाठी पर्यायी नावांची छोटी तालिका ठेवली.

आकड्यांचंही तेच. कुणी दहा देवनागरीत लिहितं, कुणी इंग्रजी आकड्यांत. संगणकाला ती वेगळी अक्षरं असतात, म्हणून दोन्ही बाजूंनी एकाच प्रकारात आणा.

एक जंतू डोळ्यांना दिसत नाही. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवता येतं: एक तयार अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, जुळवणीत मात्र वेगळी ठरतात. शिवाय काही कीबोर्ड जोडाक्षरांत शून्य रुंदीचं जोडचिन्ह सोडून जातात. त्यामुळे शोधरकाना भरताना आणि प्रश्न घेताना मजकूर युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणरूपात आणा आणि शून्य रुंदीची चिन्हं काढून टाका. एका सोसायटीच्या नावात हे चिन्ह होतं. नाव समोर दिसतंय, तेच टाइप करतोय, आणि ‘काही सापडलं नाही’. मी दीड तास कीबोर्डलाच दोष देत बसलो होतो.

शेवटी ‘को-ऑप हौसिंग सोसायटी लि.’, ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’, ‘सीएचएसएल’ ही शेपटं शोधरकान्यातून छाटा. ती जवळपास प्रत्येक नोंदीला असतात. कुणी ‘सोसायटी’ टाइप केलं की अख्खी यादी अंगावर येते.

उत्तर देणारी छोटी सेवा

झॅमॅडला थेट अकाउंट्सच्या डेटाबेसला जोडू नका. मध्ये एक छोटी सेवा ठेवा, तिचं काम एकच: शब्द घ्यायचा, जुळणाऱ्या नोंदी जेसनमध्ये (प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती द्यायचा ठरलेला साचा) परत द्यायच्या. आम्ही ती पायथनमध्ये, फ्लास्क या तयार चौकटीवर लिहिली, सगळी मिळून शंभरेक ओळींची. तुम्हाला पीएचपी येत असेल तर पीएचपीत लिहा, भाषेचा इथे काही मान-अपमान नाही. अकाउंट्समधून रोज रात्री आणि दुपारी यादी एका वेगळ्या टेबलात येते, सेवा तिथूनच वाचते. अकाउंट्सचा सर्व्हर मार्चअखेरीला रांगायला लागला तरी डेस्क चालू राहतो. टेबल वाचणाऱ्या डेटाबेस-युजरला फक्त वाचायची परवानगी द्या.

सेवेचं उत्तर असं दिसतं. इथे वाचायला सोपं जावं म्हणून किल्ल्या (‘की’, म्हणजे प्रत्येक माहितीच्या आधीचं नाव) देवनागरीत लिहिल्यात, प्रत्यक्षात त्या साध्या इंग्रजी छोट्या लिपीत ठेवा:

```
{
  "नोंदी": [
    { "कोड": "एनआर-१०-०४७",
      "लेबल": "साईकृपा, नेरूळ, से. १०, उद्यानासमोर" },
    { "कोड": "व्हीएस-१०-०१२",
      "लेबल": "साईकृपा, वाशी, से. १०, मार्केटमागे" }
  ]
}
```

शोधाचा नियम असा ठेवला: टाइप झालेल्या मजकुराचे शब्द पाडायचे आणि प्रत्येक शब्द शोधरकान्यात कुठेतरी असायलाच हवा. म्हणजे ‘साई नेरूळ’ आणि ‘नेरूळ साई’ दोन्ही चालतात. नावाच्या सुरुवातीला जुळणारे वर, मधे जुळणारे खाली. एकावेळी पंधरा नोंदींच्या वर देऊ नका. पंधरात सापडलं नाही तर माणूस खाली सरकत बसत नाही, आणखी एक अक्षर टाइप करतो. दोन अक्षरांपेक्षा कमी मजकूर आला तर रिकामी यादी द्या. आणि काहीच न सापडल्यास चूक म्हणून ४०४ (‘सापडलं नाही’ हा वेबचा संकेत) पाठवू नका, २०० (‘सगळं ठीक’) आणि रिकामी यादी पाठवा. न सापडणं हेही एक उत्तरच आहे.

शब्द थेट एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) वाक्यात चिकटवायचा नाही, पॅरामीटर म्हणून द्यायचा, हे सांगायला नकोच. टक्क्याचं आणि अधोरेषेचं चिन्ह मात्र ‘लाइक’मध्ये विशेष अर्थाचं असतं, ते निष्प्रभ करायला विसरतात लोक. सेवेला एक टोकन, म्हणजे परवलीचा लांब शब्द, ठेवा. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर आहे म्हणून दार उघडं टाकू नका, ही आपली ग्राहकयादी आहे.

झॅमॅडच्या आधी कर्लने विचारा

फील्ड बनवायची घाई करू नका. आधी झॅमॅडच्या सर्व्हरवर बसून कर्लने (कमांड टाइप करून वेबपत्त्याला प्रश्न विचारणारं साधन) सेवेला प्रश्न विचारा. ‘सर्व्हरवर बसून’ हे महत्त्वाचं, कारण हा प्रश्न तुमचा ब्राउझर विचारत नाही, झॅमॅडचा सर्व्हर विचारतो. तुमच्या लॅपटॉपवरून पत्ता उघडतो याचा अर्थ शून्य. फायरवॉलमध्ये परवानगी लागते ती सर्व्हरच्या आयपीला. झॅमॅड डॉकरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये, असेल तर ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतःच. सेवा त्याच मशिनवर असली तरी तिला त्या नावाने हाक मारून उपयोग नाही, डॉकरच्या नेटवर्कमधलं तिचं नाव किंवा मशिनचा पत्ता द्या.

चाचणी देवनागरी शब्दानेच करा. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं होतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. ‘नेरूळ’मध्ये मात्रा धरून पाच चिन्हं, म्हणजे पत्त्यात ४५ अक्षरं. हे रूपांतर हाताने करत बसू नका, कर्लला डेटा यूआरएल-एन्कोड करायला सांगा. सेवेने दुसऱ्या टोकाला ‘नेरूळ’च वाचलं का, हे तिच्या लॉगमध्ये बघा. प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले तर पुढे जाऊ नका.

आता फील्ड

ॲडमिनमध्ये सिस्टिमखाली ऑब्जेक्ट्स, तिथे तिकीट, आणि नवीन ॲट्रिब्यूट. नाव विचार करून द्या, कारण एकदा बनलं की नाव आणि प्रकार बदलता येत नाही. नावाच्या शेवटी ‘आयडी’ लावलेलं झॅमॅड स्वीकारत नाही, मी पहिल्याच प्रयत्नात तेच दिलं होतं. डिस्प्ले नाव मराठीत ठेवा, ‘जागा’ हा शब्द पुरतो. फॉरमॅटमध्ये एक्स्टर्नल डेटा सोर्स निवडा. हा पर्याय यादीतच दिसत नसेल तर आवृत्ती जुनी असेल, किंवा झॅमॅड पोस्टग्रेस या डेटाबेसऐवजी मायएसक्यूएलवर चालत असेल. हा प्रकार पोस्टग्रेसवरच चालतो.

मग पाच-सहा रकाने. सर्च यूआरएलमध्ये सेवेचा पत्ता, आणि जिथे शब्द यायचा तिथे झॅमॅडचं चल: हॅशचं चिन्ह, त्याला चिकटून महिरपी कंस, कंसात सर्च-टिंब-टर्म. एसएसएल व्हेरिफिकेशन चालू ठेवा. स्वतः बनवलेल्या प्रमाणपत्रामुळे अडलं तर ते प्रमाणपत्र सर्व्हरला ओळखीचं करून द्या, तपासणी बंद करू नका. ऑथेंटिकेशनमध्ये टोकन.

त्यानंतरच्या तीन किल्ल्यांवर बहुतेकांचं गाडं अडतं. लिस्ट की म्हणजे जेसनमध्ये यादी कुठे आहे. वरच्या नमुन्यात ‘नोंदी’. यादी आणखी आत असेल तर टिंब देऊन वाट लिहायची. व्हॅल्यू की म्हणजे साठवायची ओळख, आपला ‘कोड’. लेबल की म्हणजे दिसणारा मजकूर. अक्षरं लहान-मोठी झाली तरी जुळत नाही. खाली प्रिव्ह्यू आहे, तिथे शब्द टाकून बघा. सेवेचं उत्तर दिसतंय पण पर्याय रिकामे आहेत, तर दोष या तीन किल्ल्यांत. उत्तरच येत नसेल तर पत्ता, टोकन किंवा नेटवर्क.

मग कुठल्या पडद्यावर फील्ड दिसणार ते ठरवा, आणि इथे दोनदा थांबा. एजंटच्या पडद्यांवर दाखवा. ग्राहकाच्या पडद्यावर मात्र बंद ठेवा. नाहीतर एका सोसायटीचे सेक्रेटरी लॉगिन करून ‘साई’ टाइप करतील आणि आपल्या सगळ्या साई-ग्राहकांची यादी वाचतील. प्रतिस्पर्ध्याला एवढी आयती यादी द्यायची कशाला? सुरुवातीचे पंधरा दिवस फील्ड सक्तीचं करू नका, नंतर करा.

सेव्ह केल्यावर झॅमॅड डेटाबेस अपडेट करायला सांगतं आणि त्यानंतर सर्व्हिसेस पुन्हा सुरू कराव्या लागतात. हे रात्री उशिरा करा. जूनमध्ये तर करूच नका. पहिला मोठा पाऊस पडला की तळघरातल्या पंपांचे फोन एकामागून एक सुरू होतात, त्या वेळी डेस्क दोन मिनिटंही बंद पडलेला कुणाला परवडत नाही.

चालू झाल्यावर

निवडलेला पर्याय तिकिटात कोड आणि लेबल अशा जोडीने साठतो. उद्या सोसायटीचं नाव बदललं तर जुन्या तिकिटावर जुनंच लेबल दिसेल. मला ते योग्य वाटतं, त्या दिवशी ताईंनी जे पाहिलं तेच तिकिटावर राहावं. मात्र रिपोर्ट काढताना मोजणी कोडवर करा. लेबलवर मोजलंत तर एकाच सोसायटीच्या दोन सोसायट्या होतील. करार संपलेली जागा सुचवण्यांतून काढा, मुख्य टेबलातून काढू नका.

सेवा बंद पडली तर? पडेल. कुणाचंही तिकीट अडायला नको, म्हणून यादीत न सापडणाऱ्यासाठी ‘यादीत नाही’ अशी एक कायमची नोंद मी प्रत्येक उत्तराच्या शेवटी जोडतो. त्याने सेवा बंद असतानाचा प्रश्न सुटत नाही, तेव्हा ताई तिकिटाच्या मजकुरात पूर्ण पत्ता लिहितात. फील्ड सक्तीचं असेल तर अशा वेळी काय करायचं हे आधी सांगून ठेवा, भिंतीवर कागद चिकटवलात तरी चालेल. सेवा जिवंत आहे का, हे दर मिनिटाला विचारणारी एखादी साधी तपासणी लावा. आमच्याकडे ती ‘वाशी’ शब्द विचारते, आणि उत्तरात ‘यादीत नाही’ सोडून काहीच आलं नाही तर माझा फोन वाजतो. फक्त ‘२०० आलं का’ एवढंच बघाल तर रात्रीची नक्कल फसून टेबल रिकामं झाल्याचं सकाळी डेस्कवरून कळेल.

जुन्या तिकिटांतला हाताने टाइप केलेला मजकूर कोडमध्ये रूपांतरित करायच्या फंदात मी पडलो नाही. एक रविवार घालवून पाहिला, ‘से १०’ने पुन्हा हरवलं.

आणि रिकाम्या शोधांची वही ठेवा. ज्या शब्दाला एकही नोंद सापडली नाही तो शब्द सेवा वेगळ्या टेबलात लिहून ठेवते, कोणी टाइप केला ते न लिहिता. दर शनिवारी चहाबरोबर मी ती यादी ताईंसमोर धरतो. "हे ‘सीवूड’ काय?" "अहो, सीवूड्स. सगळे तसंच म्हणतात." लगेच पर्यायी नावांत गेलं. ‘पाटलीपाड’ अर्धवट टाइप झालेलं असूनही रिकामं आलं, तेव्हा कळलं की मुख्य यादीतच पाटलीपाड्यातल्या ‘ली’चा ईकार चुकून गळलाय. एकदा सलग तीन दिवस एकाच नव्या टॉवरचं नाव रिकामं येत होतं. करार झाला होता, अकाउंट्सकडे कागद पोचलाच नव्हता.

मागच्या शनिवारी यादीत ‘चिडके काका’ होतं. मी ताईंकडे पाहिलं. "वागळेचे," त्या म्हणाल्या, "पंपवाले. सवयीने टाइप झालं." ती जागा कुठली हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. पर्यायी नावांत मात्र ते घातलं नाही.